पुढच्या खेपेला पहिला माणूस

आमच्या ह्यांचं वजन एकसष्ट किलो होतं, हे इथे शिकून गेलेल्या कितीतरी पायलटांना तोंडपाठ आहे. ह्यांचं गाव कोणतं, शिक्षण किती, साखर होती की नव्हती, यातलं त्यांना काही माहीत नाही. वजन मात्र सगळ्यांना माहीत आहे. त्यातले काही आता बेटांवर विमान चालवतात, काही जंगलात, काही अशा डोंगरात जिथे रस्ताच नाही. मिशनची विमानं. औषधं, मास्तर, पाळकसाहेब, अडलेल्या बाया, कोंबड्या, पत्रे, सगळं त्याच विमानातून जातं. ती पोरं शिकली मिशिगनमधल्या एका गवताच्या मैदानावर, आणि त्यांना शिकवायला जी माणसं होती त्यांत आम्ही दोघं नवराबायको होतो. मी चौथी शिकले आहे. हे सातवी नापास. हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

हे एस.टी.त कंडक्टर होते. नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या मुक्कामी गाड्यांवर सगळी नोकरी गेली. गाडीत जागा नाही, हे वाक्य आपण जन्मात बोललो नाही असं ते सगळ्यांना सांगायचे, आणि ते खरं होतं. आत भरली की टपावर, टप भरला की ड्रायव्हरशेजारी बॉनेटवर. एकदा एका बाळंतिणीला स्वतःच्या जागेवर बसवून हे मागच्या शिडीला लटकून घरापर्यंत आले. तोंडावर इतकी धूळ की आधी मी ओळखलंच नाही. मी म्हटलं, सरकार तुम्हाला गाडीच्या आत बसायचा पगार देतं. तर म्हणाले, माणूस थांब्यावर राहिला की मला झोप लागत नाही. झोप ह्यांना रोज लागायची. घोरणं मी ऐकलंय.

रिटायर झाल्यावर आमचा मुलगा शमुवेल आम्हाला अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला घेऊन आला. तो मोटारीच्या कंपनीत आहे. घर मोठं, खाली बेसमेंटमध्ये आमची खोली. तिथे ह्यांचे दोन त्रास सुरू झाले. पहिला म्हणजे गाडी निघताना टपावर अंगठीने दोनदा वाजवायचं. डबल बेल. ती दिल्याशिवाय हे शमूला गाडी हलवू देत नसत. रंग उडायला लागला तेव्हा शमूने ह्यांची अंगठी काढून घेतली, तर हे नाण्याने वाजवायला लागले. दुसरा त्रास रिकाम्या सीटचा. सात जणांची गाडी आणि आत आम्ही चौघं, हे ह्यांना बघवायचं नाही. रस्त्यात कुणी चालताना दिसलं की शमूला म्हणायचे, थांब, त्याला घे. इथे रस्त्याने चालतं कोण? व्यायामाला पळणारे. एकदा बर्फात एक बाई पळत होती. ह्यांनी काच खाली करून तिला हात केला, "कम, कम, सीट." बाई दुप्पट वेगाने पळाली. शमू महिनाभर ह्यांना पुढे बसवत नव्हता.

माझा त्रास वेगळा होता. मला इंग्रजी येत नाही. पाहुणे आले की सून सांगायची, आईंना इंग्लिश येत नाही. फ्रिज बिघडलाय हे ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात. पाहुणे माझ्याकडे बघून हसायचे, मी त्यांच्याकडे बघून हसायची, आणि मग मी खाली जाऊन भाकरी थापायची.

त्या मैदानावर आम्हाला चर्चने नेलं. बसभर लोक गेले होते, सगळ्यांनी एकेक केक नेला होता. तिथले मोठे सर डेल. ढेरपोटे, मिशा पांढऱ्या, डाव्या हाताचं एक बोट नाही. त्यांनी विमानं दाखवली, विमानं ठेवायचं हँगर दाखवलं, विमानात चढायच्या आधी माणसाला उभं करतात तो वजनाचा काटा दाखवला. लहान विमानाला प्रत्येक किलो मोजून घ्यावा लागतो. मग त्यांनी आपली अडचण सांगितली. पोरं सरावासाठी एकमेकांनाच प्रवासी करतात. सगळे इंग्रजी बोलतात, सगळे खरं वजन सांगतात, उतर म्हटलं की उतरतात. "आणि तिकडे डोंगरात असा प्रवासी एकही भेटत नाही," असं ते म्हणाले. शमूने हे आम्हाला मराठीत सांगितलं आणि सांगून पस्तावला. कारण हे लगेच उठून उभे राहिले आणि म्हणाले, "त्यांना सांग, मी बसतो."

डेलसरांना गंमत वाटली. एका मुलाला बोलावून त्यांनी सांगितलं, ह्या आजोबांना फिरवून आण. मुलाने ह्यांना काट्यावर उभं केलं, ह्यांच्या पिशवीचं वजन केलं, सगळं लिहून घेतलं. तो विमानाचं दार उघडायला वळला आणि ह्यांनी माझ्याकडून दुसरी पिशवी घेतली. त्यात चर्चमधल्या बायकांनी दिलेला लाल भोपळा होता. मग ह्यांनी एका बाईचा केक उचलला. मग चर्चच्या एका लठ्ठ काकांचा हात धरला आणि त्यांनाही चढवलं, बाहेरून धक्का देऊन, सरका सरका म्हणत. मुलगा लाजला, हसला, आणि म्हाताऱ्या माणसाला कसं बोलायचं म्हणून भोपळा त्याने स्वतःच्या हाताने आत ठेवला.

डेलसरांनी विमान हलायच्या आत दार उघडलं. सगळं बाहेर काढून एकेक करून गवतावर ठेवलं, काकांसकट. मुलाचा चेहरा लाल झाला. सर त्याला रागावले नाहीत. ते ह्यांच्यासमोर येऊन उभे राहिले, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि शमूला विचारलं की हे पुन्हा कधी येऊ शकतील.

पुढच्या एप्रिलपासून आम्ही तिथे राहायला गेलो. मैदानाच्या कडेला एक चाकांवरचं घर होतं, ते आम्हाला दिलं. बर्फ पडायला लागेपर्यंत तिथे, मग ट्रॉयला. शमूला हे पटलं नाही. लोक म्हणतील अमेरिकेत आणून आईबापाला नाटकात कामाला लावलं, असं तो म्हणाला. ह्यांनी त्याला सांगितलं, नाटक नाही, ड्यूटी आहे.

नियम एकच होता. विमानाजवळ आम्ही फक्त मराठी बोलायची. पोरांना तिकडे कुठली भाषा कानावर पडेल सांगता येत नाही, म्हणून न कळणारी भाषा हवी. ती माझ्याकडे होती. ट्रॉयमध्ये ज्या गोष्टीसाठी माझी कीव करायचे, त्याच गोष्टीसाठी इथे मला हँगरच्या भिंतीवर फोटोत बसवलं. मी त्या पोरांना भाषा न कळता ऐकायला शिकवलं. कोण खरं घाबरलंय, कोण खोटं रडतंय, कुणाला खरंच पोटात दुखतंय, हे तोंडाकडे बघून ओळखायला शिकवलं. मी भूमिकाही पुष्कळ केल्या. विधवा झाले, वेडी झाले, साप चावलेली झाले. एकदा तर पोटाला उशी बांधून मला बाळंतपणाला निघालेली केली. माझी सत्तरी उलटलेली. एका भाबड्या मुलाने मला बोटांवर महिने विचारले. मी नऊ बोटं दाखवली आणि त्याने खरंच घाईघाईने दार उघडलं.

हे मात्र भूमिका घेत नसत. ते स्वतःच असायचे. गाडी पकडायला आलेला माणूस. नोकरीभर लोकांनी ह्यांच्यापुढे जे जे केलं, ते सगळं ह्यांना आठवत होतं. तिकडे मयत आहे म्हणणारे, लग्न आहे म्हणणारे, तुमच्या साहेबांचा मेहुणा आहे म्हणणारे, काही न बोलता नुसते दारात उभे राहणारे. ते सगळे हे एकेक करून त्या पोरांवर सोडायचे. कोटाच्या आत खलबत्त्यातला बत्ता लपवायचे. काट्यावर उभं राहताना हळूच एक हात भिंतीला टेकवून वजन कमी करायचे. म्हणून तर पोरांनी आपल्या या काकांचं वजन पाठ केलं. काटा काहीही दाखवो, काका म्हणजे एकसष्ट. त्याहून जास्त दाखवलं की झडती, कमी दाखवलं की हात बघायचा.

सुरुवातीला ह्यांचा यात विजय असायचा. विमानात घुसायला मिळालं की संध्याकाळी खूश. मला वाटायचं, ह्या माणसाला अजून गाडी भरायचीच हौस आहे. मग एका सकाळी डेलसर ह्यांना विमान पळवायच्या पट्टीच्या शेवटपर्यंत चालत घेऊन गेले. गवताची ती पट्टी जिथे संपते तिथे कुंपण आहे आणि कुंपणापलीकडे मॅपलची उंच झाडं. सरांनी हाताने दाखवलं की हलकं विमान झाडांवरून कसं जातं आणि भरलेलं कसं जात नाही. त्या झाडांत एका जागी शेंडे तुटलेले आहेत. ते कुणी तोडले, त्या माणसाचं काय झालं, आणि सरांचं बोट कुठे गेलं, हे त्यांनी तिथेच सांगितलं असावं. हे परत आले ते हात मागे बांधून. जेवायला बसले. मग म्हणाले, "इथे उभ्याने घेता येत नाही."

त्या दिवसापासून ह्यांची ड्यूटी बदलली. आता पोरगा फसला तर हे हसत नसत. स्वतः उतरायचे, पिशवी उतरवायचे आणि त्याला पट्टीच्या टोकापर्यंत चालवत न्यायचे. झाडं दाखवायचे आणि परत आणायचे. भाषा लागत नव्हती.

पण नुसतं नाही म्हणणाऱ्यावरही ते खूश नसत. एक मुलगा अगदी चोख होता. जास्तीच्या माणसाला हातानेच बाजूला करायचा, पाठ फिरवून जायचा. सर त्याला चांगले मार्क द्यायचे. ह्यांनी त्याला धरलं. माणसाला मागे ठेवायचं तर समोर उभं राहून, त्याच्या तोंडाकडे बघून ठेवायचं, आणि तो कोण हे लक्षात ठेवायचं, असं ते त्याला हातवारे करून सांगत होते. शेवटी ह्यांनी आपलं कंडक्टरचं इंग्रजी बाहेर काढलं. एक बोट वर करून म्हणाले, "नेक्स्ट ट्रिप, फर्स्ट मॅन." पुढच्या खेपेला पहिला माणूस तोच. मागे राहिलेला. पोरांनी ते हँगरच्या दारावर रंगवून ठेवलंय.

आता हॅनाचं सांगते.

हॅना आयोवातली, शेतकऱ्याची मुलगी. उंच, हाडापेराने मजबूत, ट्रॅक्टर चालवलेले हात. विमान इतकं हलक्या हाताने उतरवायची की चाकं कधी टेकली ते कळायचं नाही. पण तिला नाही म्हणता येत नव्हतं. कुणालाच. दुसऱ्या मुलांची कामं तिच्या गळ्यात, हँगर झाडायचं तिच्या गळ्यात. शेवटच्या परीक्षेत डेलसर मागे बसले होते आणि प्रवासी मी होते, कोंबड्यांच्या पेटीसकट. ती पेटी घ्यायची नव्हती. मी रडले, पदराने डोळे पुसले, पेटीला मिठी मारून बसले. हॅनाने पेटी घेतली. सरांनी विमान बंद करायला लावलं आणि ती नापास झाली. मला वाईट वाटलं नाही. काम म्हणजे काम. रडले चांगलीच होते मी.

तिला एकदाच पुन्हा परीक्षा देता येणार होती. तिची जागा ठरलेली होती, समुद्रातल्या कुठल्याशा बेटांवर. तिथला म्हातारा पायलट थकला होता आणि तिथल्या दवाखान्याचे लोक तिची वाट बघत होते. पुन्हा नापास झाली असती तर ती परत आयोवाला, ट्रॅक्टरवर. त्यात वाईट काही नाही, पण तिला ते नको होतं. लहानपणापासून तिला हेच करायचं होतं.

ती दर रविवारी उपासनेनंतर आमच्याकडे जेवायला यायची. ह्यांनी तिथेच तिची शिकवणी सुरू केली. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करतात, तो ह्यांनी हत्यार केला. मी वाढायचं आणि तिने नको म्हणायचं. नको म्हणायचं कसं, ते ह्यांनी तिला करून दाखवलं. हात ताटावर आडवा धरायचा, वाढणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं आणि म्हणायचं, "नाही काकू. बस." तेवढे शब्द तिला पाठ झाले. ताटावर हात मात्र जायचा नाही. मी म्हणायची, अर्धी घे गं, माझ्यासाठी, आणि ती अर्धी घ्यायची. हे म्हणायचे, काकूची घेतलीस, मग माझी? ती तीही घ्यायची. पिठलं, भाकरी, वर गुळाची पोळी. उठताना तिला टेबलाला धरून उठावं लागायचं. असे किती रविवार गेले. परीक्षेच्या आधीच्या रविवारीसुद्धा ती सगळं जेवली आणि पायरीवर बसून घामेघूम झाली.

ती गेल्यावर मी ह्यांना विचारलं की उद्या प्रवासी कोण. म्हणाले, मी, आणि तू आजारी.

मी म्हटलं, "अहो, उद्या पोरीला जरा सोपं घ्या. बाकीचं ती शिकेल तिकडे जाऊन."

"तिकडे जाऊन सोपं घेणारा कोण आहे?"

"तुमच्या हातून नापास झाली तर माझ्या घरात जेवायला कशी बसेल ती?"

"नको बसू दे," हे म्हणाले. "झाडात बसण्यापेक्षा बरं."

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवला, तोही आवाज करून.

सकाळी पाऊस पडून गेला होता आणि मग कडक ऊन पडलं. गवत ओलं. ओल्या गवतात विमानाला पळायला जास्त जागा लागते, म्हणून आत कमी वजन घ्यावं लागतं. एवढं मलाही कळत होतं. औषधांचा खोका होता, मी होते, हे होते, ह्यांची पिशवी होती. हॅनाने सगळ्यांना काट्यावर उभं केलं. ह्यांचा भिंतीवरचा हात तिने काढला. मग ती पट्टीवर चालत गेली, बुटाने गवत दाबून बघितलं, परत येऊन कागदावर हिशेब केला, आणि परत केला. डेलसर या खेपेला आत न बसता बाजूला उभे. तिने बोटांनी दाखवलं. खोका आणि मी. काका नाही.

ह्यांनी सुरुवात केली. आधी हात जोडले. मग खिशातून आमच्या लग्नातला फोटो काढला, माझ्याकडे बोट दाखवलं, छातीवर हात ठेवला. मला आत बसवलं होतं, मी कण्हत होते. हे माझ्या मागोमाग चढले आणि माझा हात गच्च धरून बसले. हॅना दाराशी आली. तिने ह्यांना खाली यायची खूण केली. हे खाली उतरले, आणि मला वाटलं झालं. तर ह्यांनी वाकून आपलं डोकं तिच्या बुटांवर ठेवलं. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, डोक्यावर पांढरे केस, त्या पोरीच्या चिखलाच्या बुटांवर. तिचं तोंड असं झालं की ती आता स्वतःच रडेल. तिने ह्यांना उठवायला हात पुढे केला. त्या क्षणाला ती हरली होती. मी आतून बघत होते. ह्यांनी तोच हात धरला आणि तिच्या आधाराने पुन्हा विमानात चढून बसले.

मग हे रडायला लागले. मोठ्याने, गळा काढून, मयताला रडतात तसं. डेलसरसुद्धा खाली बघायला लागले. आणि रडता रडता हे मराठीत बोलत होते, ते तिथे फक्त मला कळत होतं.

"उतरव मला, पोरी. दया करू नकोस. मी लबाड आहे, म्हातारा आहे, मला काही होत नाही. धर हात आणि ओढ खाली."

मी कण्हायला विसरले.

हॅनाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तिला फक्त रडणं ऐकू येत होतं, आणि ते रडणं खोटं नव्हतं. ती पट्टीच्या टोकाकडे बघत राहिली, झाडांकडे. मग तिने ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. नजर काढली नाही. आणि तिने हात आडवा धरला, तळहात खाली, आमच्या टेबलावर ताटावर धरायचा असतो अगदी तसा.

"नाही काका," ती म्हणाली. "बस."

ह्यांनी आणखी एकदा हंबरडा फोडला. तिने ह्यांचं मनगट धरलं, ट्रॅक्टरवाल्या हाताने ह्यांना खाली घेतलं, पिशवी गवतावर ठेवली आणि पिशवीवर ह्यांना बसवलं. मग त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "नेक्स्ट ट्रिप, फर्स्ट मॅन," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

विमान पळालं. गवत खालून धरून ठेवत होतं. कुंपण आलं, मग झाडं आली, आणि झाडं खाली गेली. फार खाली नाही. ह्यांचं वजन आणि पिशवी आत असती तर काय झालं असतं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मागे वळून बघितलं तर गवतावर एक ठिपका होता.

नदीपलीकडच्या पट्टीवर उतरलो, खोका उतरवला, मी उतरले, चढले, परत आलो. डेलसरांनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, पास. तो शब्द मला कळतो. पोरं धावत आली, तिला उचललं, कुणी तिच्या डोक्यावर पाणी ओतलं. इथे अशी पद्धत आहे.

हे तिथेच बसले होते. उन्हात, पिशवीवर. मधल्या वेळात मेकॅनिक मंडळींनी ह्यांना कॉफीला बोलावलं, तर हे हलले नव्हते. कुणी छत्री आणून दिली ती ह्यांनी बाजूला ठेवली. परीक्षा संपली होती, ती पास झाल्याचं सगळ्यांनी ऐकलं होतं, आता ह्यांनी उठून घरी यायला हरकत नव्हती. मी लांबून ओरडले, चला, झालं. ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हॅनाच्या केसांतून पाणी गळत होतं. ती पोरांमधून बाहेर आली आणि सरांशी काहीतरी बोलली. सरांनी मान हलवली. तिने विमान पुन्हा सुरू केलं आणि गवतावरून चालवत ह्यांच्यापाशी नेऊन उभं केलं. दार उघडलं. हे उठले, कपडे झटकले. ती हात पुढे करून उभी राहिली. हे जरा घुटमळले, मग कोटातून बत्ता काढून तिच्या हातात दिला. तेवढं झाल्यावर तिने ह्यांना आपल्या शेजारी, पुढे बसवलं. निघायच्या आधी ह्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून पत्र्यावर नाण्याने दोनदा वाजवलं. मला ते हँगरपर्यंत ऐकू आलं.

संध्याकाळी ह्यांनी शमूला फोन केला. मुलगी पास झाली हे शेवटी सांगितलं. आधी सांगितलं ते असं, की आज मला गाडीतून उतरवलं. नोकरीत पगारवाढ मिळाली तेव्हासुद्धा हा माणूस इतका फुगला नव्हता. शमूला वाटलं कुणी अपमान केला. तो सरांना फोन लावायला निघाला होता.

हॅना बेटांवर गेली. तिथे जेवायला बसवतात तेव्हा ती ताटावर हात आडवा धरते आणि लोक हसतात, असं तिने कळवलं होतं. काम चांगलं करते. ठरलेल्यापेक्षा एक किलोही जास्त घेत नाही.

पुढच्या हिवाळ्यात हे गेले. ट्रॉयला, दवाखान्यात, छातीने. फार त्रास झाला नाही. मैदानावरून पोरं बर्फातून गाडी चालवत आली आणि पेटीला खांदा त्यांनीच दिला. उचलताना एकाने दुसऱ्याकडे बघितलं, आणि दोघांच्याही मनात काय आलं ते मला कळलं. पेटीसकट किती. मी त्यांना रागावले नाही. त्यांना तसंच शिकवलंय.

एप्रिल आला तेव्हा शमू म्हणाला, आई, आता तू एकटी कशाला जातेस, इथे राहा. सूनही म्हणाली. मी बॅग भरली होती. डेलसर स्वतः न्यायला आले.

आता मी एकटीच प्रवासी असते. नवी पोरं चांगली आहेत, पण आल्या आल्या सगळी सारखीच, भोपळा आत ठेवणारी. वेडी, विधवा, साप चावलेली हे सगळं मी करते, पण शेवटच्या परीक्षेला एकच करते. मी वजन देऊन विमानात बसते, आणि पोरगा दार लावायला आला की त्याचा हात धरते. बाहेर गवताकडे बोट दाखवते. म्हणते, माझा म्हातारा तिथे राहिलाय, त्याला घ्या. गवतावर कुणी नसतं. पोरगा बघतो, पुन्हा बघतो, त्याला वाटतं आपल्यालाच दिसत नाहीये. मी हात सोडत नाही. काही जण उतरून शोधायला जातात. काही जण सरांकडे बघतात, आणि सर मिशी चावत दुसरीकडे बघतात. एकाने तर रिकाम्या जागेसाठी माझ्या शेजारची सीट मोकळी केली, औषधांचा खोका खाली उतरवून. त्याला मी स्वतः नापास केलं.

गेल्या आठवड्यात एक मुलगा होता, ठेंगणा, चष्मेवाला. माझ्याच टेबलावर चार रविवार जेवलेला. मी त्याचा हात धरला आणि जे म्हणायचं ते म्हटलं. त्याने गवताकडे नीट बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, नजर काढली नाही. माझ्या हातावर त्याने आपला हात आडवा ठेवला.

"नाही काकू," तो म्हणाला. "बस. नेक्स्ट ट्रिप, फर्स्ट मॅन."

त्याने दार लावलं. मी माझा पट्टा माझा मी बांधला आणि पत्र्यावर दोनदा वाजवलं.